बोली कुठं थांबवायची? आयपीएलची पर्स, बेसबॉलचा वाद आणि तुमच्या दुकानातला पगार



कामगारांच्या पगारावरचा व्हिडिओ टाकला आणि नांदेड-लातूरकडून एकच प्रश्न फिरून फिरून आला: "सर, चांगला माणूस टिकवायचा तर पगार वाढवावा लागतो. पगार वाढवला तर महिनाअखेर हातात काही उरत नाही. मग करायचं काय?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून आजचा धडा जरा वेगळ्या वाटेनं घेऊ. खेळातल्या मोठ्या लीग हाच प्रश्न कसा सोडवतात ते आधी बघू. मग तेच गणित आपल्या दुकानाला लावू. व्हिडिओत आकडे पटापट निघून जातात, म्हणून इथं सावकाश लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. शेवटी गृहपाठ आहे.

१. पाडव्याचा लिलाव

आपल्या मराठवाड्यात पगाराची बोली काही नवीन नाही. गुढीपाडव्याला सालगड्याचं साल ठरतं. बैलं नीट राखणारा, पाण्याच्या पाळीला रात्री-अपरात्री उठणारा गडी असला की त्याला दोन-तीन शेतकरी मागतात. एकानं आकडा सांगितला की दुसरा वर चढतो. उचल किती, धान्य किती, कपडे किती, सगळं तिथंच बोललं जातं.

आता समजा गावात एक मोठा बागायतदार आहे आणि बाकी सगळे पाच-सात एकरवाले. बागायतदारानं कितीही बोली लावली तरी त्याला फरक पडत नाही. दरवर्षी गावातले सगळे चांगले गडी त्याच्याच वाड्यावर. हे चालू द्यायचं, की गावानं बसून ठरवायचं की अमुक आकड्याच्या वर कुणी जायचं नाही?

पटकन उत्तर देऊ नका. शेतकऱ्याच्या बाजूनं विचार केला तर एक उत्तर येतं, गड्याच्या बाजूनं केला तर दुसरं. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये गेली तीसेक वर्षं हेच भांडण चालू आहे.

२. बेसबॉलचं भांडण काय आहे?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. तिथं संघानं खेळाडूंवर एकूण किती खर्च करावा याला पक्की मर्यादा नाही. मर्यादेच्या जागी एक दंड आहे. ठरलेल्या आकड्याच्या वर पगार गेला की वरच्या रकमेवर कर भरायचा. २०२५ साली हा आकडा २४.१ कोटी डॉलर होता. ज्याच्याकडे पैसा आहे तो कर भरतो आणि खर्च करत राहतो.

डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजलिस डॉजर्सनं शोहेई ओहतानी या जपानी खेळाडूशी १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला. वर्षभरात न्यूयॉर्क मेट्सनं हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर कबूल केले. डॉजर्सनं २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदंही घेतली. मग लहान शहरांतले संघ आणि त्यांचे चाहते म्हणू लागले, "आमच्या वाट्याला काय? पगारावर मर्यादा घाला."

खेळाडूंच्या संघटनेचं उत्तर ठाम असतं: अजिबात नाही. १९९४ साली मालकांनी ही मर्यादा आणायचा घाट घातला तेव्हा १२ ऑगस्टपासून खेळाडू संपावर गेले. संप २३२ दिवस चालला. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे त्यांची सर्वांत मोठी अंतिम मालिका, रद्द झाली. आता मालक आणि खेळाडूंमधला चालू करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय, म्हणून हा वाद पुन्हा तापलाय.

आपल्या मोंढ्यात हमालीच्या दरावरून वाद झाला आणि व्यवहार बंद पडले की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. माल पडून राहतो, शेतकरी गाडी घेऊन थांबतो, आडत्याचं नुकसान होतं, हमालाची मजुरी बुडते. दर ठरवताना दोन्ही बाजू समोरासमोर नसल्या की असंच होतं. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे तो याच कारणासाठी. हमालाच्या मजुरीवर एकट्या मालकाचा शब्द चालू नये.

३. आपल्याकडचं उत्तर: आयपीएलची पर्स

आता घरी या. आयपीएलमध्ये पहिल्या दिवसापासून मर्यादा आहे. २० फेब्रुवारी २००८ ला मुंबईत पहिला लिलाव झाला, तेव्हा प्रत्येक संघाला खेळाडूंवर जास्तीत जास्त ५० लाख डॉलर खर्च करता येत होते. त्याला आपण 'पर्स' म्हणतो. पुढं ही पर्स वाढत गेली:

- २०१४: ६० कोटी रुपये
- २०१८: ८० कोटी
- २०२३: ९५ कोटी
- २०२४: १०० कोटी
- २०२५: १२० कोटी

पर्सबरोबर आणखी दोन नियम आहेत, आणि तेच आपल्या कामाचे आहेत. एक, संघात किमान १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू हवेत. म्हणजे सगळा पैसा दोन हिऱ्यांवर उधळून बाकीची जागा रिकामी ठेवता येत नाही. दोन, पर्सचा किमान ७५ टक्के भाग खर्च करावाच लागतो. म्हणजे स्वस्तात संघ उभा करून मालकानं पैसे खिशात घालायचे, हेही चालत नाही. वर छत, खाली जोतं. दोन्ही असेल तरच घर म्हणायचं.

गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धा बघा. तिथंही आता 'प्रीमियर लीग' असते आणि संघमालकांना ठरावीक गुण देऊन लिलाव होतो. पहिल्या तीन खेळाडूंवर सगळे गुण उडवणारा मालक तुम्ही पाहिला असेल. शेवटी यष्टीमागं उभं राहायला माणूस मिळत नाही.

४. मर्यादा घातली म्हणजे सगळे सारखे होतात का?

नाही. हे नीट समजून घ्या.

आयपीएलचे २०२५ पर्यंत १८ हंगाम झाले. मुंबई इंडियन्सची ५ विजेतेपदं, चेन्नई सुपर किंग्जची ५, कोलकात्याची ३. म्हणजे १८ पैकी १३ वेळा चषक तीनच घरांत गेला. सगळ्यांना पर्स सारखीच होती! बंगळुरूकडे पहिल्यापासून एकाहून एक मोठी नावं, पण त्यांना पहिलं विजेतेपद मिळायला १८ वा हंगाम उजाडावा लागला.

उलट बेसबॉलमध्ये मर्यादा नाही. तरी २००० नंतर थेट २०२५ पर्यंत एकाही संघाला लागोपाठ दोनदा विजेता होता आलं नव्हतं. २००२ साली ओकलंडच्या संघाचा पगार सुमारे ४ कोटी डॉलर होता, न्यूयॉर्क यांकीजचा त्याच्या तिप्पट. नियमित हंगामात दोघांनीही १०३ सामने जिंकले.

मर्यादेनं पैसा सारखा होतो, अक्कल सारखी होत नाही. पैसे सारखे असताना जो जिंकतो, तो माणसं निवडण्यात आणि घडवण्यात पुढं असतो.

दोन उदाहरणं लक्षात ठेवा.

पहिलं २०२३ चं. चेन्नईनं डिसेंबर २०२२ च्या लिलावात बेन स्टोक्सला १६.२५ कोटींना घेतलं. त्याच लिलावात आपल्या अजिंक्य रहाणेला मूळ किमतीत, ५० लाखांना घेतलं. दुसरा कुणी बोलीच लावायला तयार नव्हता. स्टोक्स दुखापतीमुळं दोनच सामने खेळला. रहाणेनं १४ सामन्यांत ३२६ धावा केल्या, त्याही दे दणादण, आणि चेन्नई विजेती ठरली. रहाणे तेव्हा ३४ वर्षांचा होता, बाजारानं त्याला 'संपला' म्हणून बाजूला केलं होतं. तुमच्या गावातही असा एखादा अनुभवी कारागीर घरी बसून असेल. त्याला बोलवायचं कुणाला सुचलेलं नसतं, एवढंच.

दुसरं २००८ चं. पहिल्या वर्षी मुंबईची फ्रँचायझी सगळ्यात महाग होती, ११.१९ कोटी डॉलर. राजस्थानची सगळ्यात स्वस्त, ६.७ कोटी डॉलर. जिंकलं कोण? राजस्थान. शेन वॉर्न हा कप्तान आणि तोच प्रशिक्षक. सलामीला गोव्याचा स्वप्नील असनोडकर. बाहेर त्याचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं, त्यानं ९ सामन्यांत ३११ धावा ठोकल्या. वॉर्ननं प्रत्येकाला त्याचं काम नेमकं काय आहे ते सांगून दिलं होतं. लहान धंद्याला हे फुकटात करता येतं, तरी बहुतेक जण करत नाहीत.

५. एकाच माणसावर अर्धी पर्स?

"सर, मग मोठा पगार द्यायचाच नाही का?" थांबा. कबड्डी बघू.

प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात प्रत्येक संघाला ५ कोटींची पर्स होती. तेलुगू टायटन्सनं पवन सेहरावतला २.६०५ कोटींना घेतलं, म्हणजे पर्सचा ५२ टक्के भाग एका माणसावर. पवन जीव तोडून खेळला, पण संघ २२ पैकी दोनच सामने जिंकून तळाला राहिला.

आता गंमत बघा. त्याच हंगामात पुणेरी पलटननं इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २.३५ कोटींना घेतलं. हे झाले ४७ टक्के. जवळजवळ तेवढाच पैसा! आणि पलटन १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून विजेती ठरली.

मग फरक कुठं पडला? उरलेल्या माणसांत. पलटनकडे आधीच तयार केलेली पोरं होती. कप्तान अस्लम इनामदार हा आपल्या नगर जिल्ह्यातला. पंकज मोहिते, मोहित गोयत, आकाश शिंदे ही सगळी पोरं आधीच्या हंगामांपासून तिथंच वाढलेली. शादलू आला तो भरलेल्या घरात आला. टायटन्सचा पवन रिकाम्या घरात एकटा खांब होता.

त्याच्या आदल्या हंगामात तमिळ थलायवाजनं याच पवनवर २.२६ कोटी लावले होते. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि तो हंगामभर बाहेर बसला. तरी नरेंदरसारख्या नव्या पोरांनी संघ उपांत्य फेरीपर्यंत नेला. विचारायचा प्रश्न असा: तुमचा मुख्य माणूस उद्या आलाच नाही, तर परवा दुकान उघडेल का?

लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. क्लासेसच्या धंद्यात एखादा भौतिकशास्त्राचा सर नाव काढतो. मग दुसरा क्लास त्याला दुप्पट आकडा सांगतो, नाहीतर तो स्वतःचा बोर्ड लावतो, आणि पोरं त्याच्यामागं जातात. पण 'लातूर पॅटर्न' एका सरांच्या जोरावर उभा राहिलेला नाही. वारंवार चाचण्या, सराव, चुकांची उजळणी, ठरलेलं वेळापत्रक, अशी ती पद्धत आहे. सर बदलले तरी पद्धत राहते. ज्या क्लासकडे पद्धत आहे तो बोलीला घाबरत नाही.

६. आता खेळाडूच्या बाजूनं बघा

इथवर मर्यादेची बाजू बरी वाटली असेल. आता दुसरं पान उलटा.

आयपीएलच्या प्रक्षेपण हक्कांचे २०१८ ते २०२२ या पाच वर्षांचे मिळाले १६,३४७.५ कोटी. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे ४८,३९० कोटी. उत्पन्न जवळजवळ तिप्पट. पर्स मात्र २०१८ ला ८० कोटी होती, ती २०२५ ला १२० कोटी, म्हणजे दीडपट.

आणखी एक हिशोब करू. २०२५ ला सामन्याचं मानधन आणि कामगिरीचे पैसे धरून प्रत्येक संघाची एकूण मर्यादा १४६ कोटी होती. दहा संघांचे झाले १,४६० कोटी. प्रक्षेपण हक्कांचं एका वर्षाचं उत्पन्न सरासरी ९,६७८ कोटी. खेळाडूंचा वाटा त्याच्या १५ टक्क्यांच्या आसपास येतो, आणि यात तिकीट आणि जाहिरातीचं उत्पन्न धरलेलंच नाही. अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्येही पगारावर मर्यादा आहे, पण तिथं लीगच्या उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा खेळाडूंना द्यायचं करारातच लिहिलंय. उत्पन्न वाढलं की मर्यादा आपोआप वर जाते.

शादलू, पवन, रहाणे यांची खेळायची वर्षं किती? दहा, फार तर पंधरा. गुडघा गेला की संपलं. लोक तिकीट काढतात ते त्यांना बघायला. म्हणून बेसबॉलचे खेळाडू म्हणतात, "मर्यादा घातल्यानं पैसा कमी होत नाही, तो फक्त आमच्या खिशातून मालकाच्या खिशात जातो." त्यात तथ्य आहे.

७. मग बेसबॉलनं मर्यादा आणावी का?

माझं मत स्पष्ट आहे. आणावी, पण तीन अटींवर. वर मर्यादा असेल तर खाली किमान खर्चाचीही सक्ती असावी. मर्यादा एकूण उत्पन्नाच्या ठरलेल्या वाट्याला बांधलेली असावी. आणि ती खेळाडूंच्या संघटनेशी समोरासमोर बसून ठरावी. या तीन गोष्टी नसतील तर त्याला समतोल म्हणू नका, ती मालकांची बचत योजना आहे.

लीगला मर्यादा शोभते त्याचं एक कारण आहे. लीगमध्ये संघांना एकमेकांची गरज असते. चेन्नई एकटी खेळून तिकीट विकू शकत नाही, समोर तोडीचा संघ लागतोच. सगळे मिळून एकच माल विकतात, तो म्हणजे चुरस.

तुमचं तसं नाही. लातूरच्या एमआयडीसीतली शेजारची डाळ मिल, नांदेडच्या वजिराबादेतलं समोरचं कपड्याचं दुकान, हे तुमच्या लीगमधले भिडू नाहीत. ते तुमचे स्पर्धक आहेत. म्हणून एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून घ्या: बाजारातल्या दुकानदारांनी एकत्र बसून "कारागिराला इतक्याच्या वर कुणी द्यायचं नाही" असं ठरवणं ही पर्स नव्हे, ते संगनमत आहे. स्पर्धा कायदा २००२ हा संगनमतानं दर बांधण्याच्या विरोधातच आहे, त्या वाटेला जाऊ नका. कायदा बाजूला ठेवला तरी ते टिकत नाही. हुशार पोरगा पुण्याची बस धरतो, आणि मग तुमच्या बाजारात उरतात ते ज्यांना कुठं जाता येत नाही असे.

तुम्हाला हवी ती पर्स वेगळी. ती दुसऱ्यावर लादायची नाही, स्वतःवर घालून घ्यायची.

८. तुमची पर्स कशी काढायची: एक हिशोब

समजा नांदेडला तरोडा नाक्याजवळ एक बेकरी आहे. उदाहरण काल्पनिक आहे, आकडे तुम्ही तुमचे घाला. महिन्याची विक्री ७,००,००० रुपये.

- कच्चा माल: ३,७०,०००
- भाडं, वीज, गॅस: ७५,०००
- कर्जाचा हप्ता: ३०,०००
- मालकाचा स्वतःचा पगार: ४०,०००
- अडीअडचणीसाठी राखीव, विक्रीच्या ५ टक्के: ३५,०००

बेरीज ५,५०,०००. उरले १,५०,०००. ही तुमची पर्स. विक्रीच्या साधारण २१ टक्के.

बघा, मालकाचा पगार आणि राखीव रक्कम आधी काढली, पर्स नंतर. बरेच जण उलटं करतात. सगळ्यांना वाटून उरलं तर स्वतःला घेतात, आणि मग घरखर्चासाठी गल्ल्यात हात घालतात.

आता माणसं. मुख्य कारागीर ३८,०००. दुसरा कारागीर २४,०००. दोन मदतनीस प्रत्येकी १६,०००. काउंटरवरची ताई १७,०००. पोहोचवणारा पोरगा १६,०००. एकूण १,२७,०००. दिवाळीला एक पगार बोनस द्यायचा तर त्याचा बारावा भाग, सुमारे १०,६००, दर महिन्याला बाजूला टाका. झाले १,३७,६००. पर्समध्ये शिल्लक १२,४००.

आता मुख्य कारागीर येऊन म्हणतो, "दादा, श्रीनगरची बेकरी ५२,००० देतेय." म्हणजे १४,००० ची वाढ, वर बोनसचा भाग साधारण १,१७०. पर्स पावणेतीन हजारांनी फुटते. शिवाय बाकी पाच जणांना वर्षभर एक रुपयाही वाढवता येणार नाही.

तीन वाटा आहेत.

पहिली: पूर्ण द्यायचे आणि कच्च्या मालवाल्याची उधारी थकवायची. बहुतेक धंदे या वाटेनं बसतात. पगाराचा खड्डा व्यापाऱ्याच्या पैशानं भरायचा नाही.

दुसरी: "जा" म्हणायचं. कधी कधी हेच बरोबर असतं. पण दुसरा कारागीर तयार असेल तरच.

तिसरी: ७,००० पक्की वाढ. त्याशिवाय महिन्याची विक्री साडेसात लाखांच्या वर गेली तर वरच्या विक्रीवर ४ टक्के. विक्री साडेआठ लाख झाली तर त्याला ४,००० जादा, आणि ते वाढलेल्या धंद्यातूनच निघतात. त्याच वेळी दुसऱ्या कारागिराला ३,००० वाढ, पण अट अशी की सहा महिन्यांत केकचं सगळं काम त्याला एकट्याला जमलं पाहिजे. दोन्ही पक्क्या वाढी बोनसच्या भागासकट सुमारे १०,८३० होतात. पर्समध्ये बसतात, वर दीड हजार शिल्लक.

तिसऱ्या वाटेनं मुख्य कारागीर थांबेलच याची हमी नाही. ५२,००० आणि ४५,००० यांत फरक आहे, आणि त्याच्या घरीही पोरांच्या फिया असतात. तो गेला तर राग धरू नका, हात मिळवून निरोप द्या. तुम्ही मात्र सहा महिन्यांत एकाच खांबावर उभे नसाल.

९. पर्सचे पाच नियम

१. पर्स आधी, माणूस नंतर. समोर माणूस बसलेला असताना आकडा ठरवू नका. लिलावाच्या टेबलावर जोशात हात वर जातो. आकडा घरी, वहीत ठरवा.

२. जोतं विसरू नका. सरकारनं ठरवलेलं किमान वेतन तपासा. माणसं वाढली की ईएसआय आणि प्रॉव्हिडंट फंड लागू होतो, तो खर्च पर्समध्ये धरा. किमान वेतन परवडत नसेल तर अडचण धंद्याच्या गणितात आहे, ती मजुराच्या पगारातून सोडवायची नाही.

३. एका माणसावर निम्म्याच्या जवळ गेलात तर उरलेली फळी तपासा. शादलू घ्यायचा असेल तर आधी अस्लम, पंकज आणि आकाश तयार करा.

४. विक्री वाढली की पर्स वाढलीच पाहिजे. वरच्या बेकरीची विक्री साडेआठ लाखांवर टिकली तर २१ टक्क्यांनी पर्स १,७८,५०० होते. त्यातला वाटा माणसांपर्यंत पोहोचवा. विक्री तिप्पट आणि पगार दीडपट, हे तुमच्या दुकानात होऊ देऊ नका.

५. पर्स ओलांडलीत तर दंड तुम्ही भरा. बेसबॉलमध्ये वरच्या रकमेवर कर आहे ना? तुमचा कर असा: पर्सच्या वर गेलेला पैसा त्या महिन्यात मालकाच्या पगारातून कापायचा. व्यापाऱ्याच्या उधारीतून नाही, मदतनिसाच्या पगारातून तर नाहीच. दोन महिने स्वतःचे पैसे कापले गेले की बोली कुठं थांबवायची ते आपोआप कळतं.

गृहपाठ

या रविवारी दुकान बंद झाल्यावर अर्धा तास काढा. गेल्या तीन महिन्यांची विक्री काढून सरासरी घ्या. वर दाखवला तसा पर्सचा आकडा काढा. मग एका कागदावर सगळ्या माणसांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढं तीन गोष्टी लिहा: आजचा पगार, हा उद्या आला नाही तर त्याचं काम कोण करेल, आणि ते शिकायला त्याला किती दिवस लागतील.

ज्या नावापुढं दुसरी जागा कोरी राहील, तिथून कामाला लागा. नवीन माणूस शोधायच्या आधी, कारागिराचा पगार वाढवायच्या आधी, ती जागा भरा. पुढच्या व्हिडिओत आपण कामगिरीवर आधारित पगार कसा ठरवायचा ते बघणार आहोत. तेव्हा हा कागद समोर लागेल, जपून ठेवा.